जठारपेठेपर्यंतचं अंतर

मुलाच्या मनाचं दुखणं असो की अभ्यासातली अडचण, त्यावरचा इलाज परवडतो की नाही हे आपण तपासणीच्या फीवरून ठरवतो. वऱ्हाडात हा हिशेब चुकतो. समजा, तेल्हारा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली मजूर बाई नऊ वर्षांच्या पोराला घेऊन अकोल्याला जठारपेठेतल्या दवाखान्यात आली. पोरगं वर्गात बसत नाही, मारकुटं झालंय, रात्री दचकून उठतं, आणि शाळेतल्या सरांनी ‘याला एकदा दाखवून आणा’ म्हणून सांगितलंय. आधी गावातून फाट्यापर्यंत ऑटो, मग एसटी, अकोल्याच्या स्टँडवरून पुन्हा ऑटो. पन्नास-साठ किलोमीटर यायचं आणि तेवढंच परत जायचं. तिची रोजी बुडाली, नवरा सोबत आला असेल तर दोन रोज्या बुडाल्या. पोराची शाळा बुडाली ती वेगळीच. या सगळ्या खर्चात डॉक्टरांची फी ही एक रक्कम झाली, आणि कित्येकदा ती सर्वांत मोठीही नसते. खरी अडचण पुढे येते. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांनी या. मुलांच्या वागण्याच्या बहुतेक तक्रारींवर एका भेटीत लिहून देता येईल अशी गोळी नाही. आईबापांना काही गोष्टी शिकवाव्या लागतात, घरातल्या सवयी बदलाव्या लागतात, शाळेशी बोलावं लागतं, आणि यात सहा-आठ भेटी सहज जातात. डॉक्टरांनी फी माफ केली तरी या बाईला दुसरी-तिसरी खेप परवडत नाही. चौथ्या खेपेला ती येत नाही, आणि कागदावर नोंद होते की पालकांनी पाठपुरावा केला नाही.

म्हणून मुलांसाठीची मानसिक आरोग्यसेवा स्वस्त करायची तर आधी अंतर आणि खेपा कमी केल्या पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. गावातल्या किंवा वस्तीतल्याच एखाद्या शहाण्या, समजूतदार माणसाला नीट शिकवून, पगार देऊन, नेहमीचं काम त्याच्या हाती सोपवायचं आणि तज्ज्ञाने त्याच्या पाठीशी उभं राहायचं, हा त्यातला एकच मार्ग मला व्यवहार्य दिसतो. हा विचार मुंबई-पुण्याहून किंवा परदेशातून वऱ्हाडात आणायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत तो एकदा करून पाहिलेला आहे, आणि त्याची आकडेवारी जगासमोर आहे. फक्त तो मोठ्या माणसांपुरता होता. मुलांपर्यंत पोचायचा राहिला.

आधी तज्ज्ञांचं गणित पाहू, कारण ‘जास्त डॉक्टर आणा’ हे उत्तर प्रत्येकाच्या ओठावर असतं. देशात दर लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ आहेत पाऊण, म्हणजे चार लाख माणसांमागे तीन. २०११ च्या जनगणनेत अकोला जिल्हा १८ लाखांचा होता. देशाची सरासरी जशीच्या तशी लावली तर त्याच्या वाट्याला तेरा-चौदा तज्ज्ञ येतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं आढळलं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा हा आकडा आपल्याला अंदाजापुरताच धरता येतो. तरीही धरू. या वयाची मुलं लोकसंख्येच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे अकोला जिल्ह्यात पावणेदोन लाखांच्या घरात. त्यांचे सात टक्के म्हणजे साडेबारा हजार. प्रत्येकाला वर्षात फक्त सहा भेटी द्यायच्या म्हटलं तर ७५ हजार भेटी होतात. जिल्ह्यातल्या सगळ्या तज्ज्ञांनी बाकी सर्व रोगी सोडून, वर्षाचे तीनशे दिवस याच वयाच्या मुलांना पाहायचं ठरवलं तरी प्रत्येकाला रोज अठरा-एकोणीस मुलं पाहावी लागतील. एका भेटीला पाऊण तास धरला तर दिवसाचे चौदा तास झाले. यात बारा वर्षांच्या आतलं एकही मूल आलेलं नाही. डॉक्टर दुप्पट केले, तिप्पट केले, तरी हे गणित जुळत नाही.

याचा अर्थ सरकारी सोयी वाढल्याच नाहीत असा नाही. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, आणि २०२४ मध्ये अमरावती, वाशीम, बुलडाणा या तिन्ही ठिकाणी नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. पूर्वी सरकारी मनोरुग्णालय म्हटलं की राज्यात ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर एवढी चारच नावं होती, आणि अकोल्याच्या माणसाला अडीचशे किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागे. तो काळ सरला हे चांगलंच झालं. पण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या गावी असतं. तेल्हाऱ्याच्या बाईचं एसटीचं तिकीट त्याने बदलत नाही. मुलांसाठीचं मार्गदर्शन केंद्र मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ मध्येच सुरू केलं होतं. कल्पना इतकी जुनी असूनही जवळजवळ नव्वद वर्षांत ती शहराची वेस ओलांडून फारशी बाहेर पडली नाही, कारण ती दवाखाना म्हणूनच वाढली.

अमरावतीत काय घडलं ते आता सविस्तर सांगायला हवं. शेतकरी आत्महत्यांनी विदर्भाचं नाव देशभर गेलं, तेव्हा पॅकेज आली, कर्जमाफ्या आल्या, २००६ मध्ये पंतप्रधान येऊन गेले. मनाच्या बाजूने विचार करणारं फार कुणी नव्हतं. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था विदर्भात येण्याआधी काही वर्षं गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग करत होती: मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून त्यांच्याकडून समुपदेशन करवून घ्यायचं. टाटा ट्रस्टच्या पैशांतून आणि स्थानिक संस्थांच्या साथीने हेच काम विदर्भात ‘विश्राम’ या नावाने सुरू झालं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत त्याची मोजणी झाली. रचना साधी, तीन पायऱ्यांची होती. पहिल्या पायरीवर गावातलाच आरोग्य कार्यकर्ता. तो लहान-लहान बैठका घ्यायचा, घरोघरी बोलायचा, कोण बोलेनासं झालंय, कुणाची झोप उडालीय, कोण जिवाचं बरं-वाईट करण्याच्या गोष्टी बोलतंय याकडे लक्ष ठेवायचा आणि अशा माणसाला पहिला आधार द्यायचा. दुसऱ्या पायरीवर शिकवून तयार केलेला समुपदेशक. तो नेमून दिलेल्या पद्धतीने, ठरावीक भेटींत बोलायचा. तिसऱ्या पायरीवर मानसोपचारतज्ज्ञ, ज्याच्याकडे औषधाची खरोखर गरज असलेलेच रोगी जायचे.

२०१३ च्या अखेरीस पहिली पाहणी झाली तेव्हा नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी फक्त चौघांनी त्यासाठी कुणाची तरी मदत घेतली होती. नेमका आकडा ४.३ टक्के. दीड वर्षाच्या आत तो २७.२ टक्क्यांवर गेला. गावांतलं नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं, आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याहून खाली. २०१७ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात छापून आला. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे: हा आधी-नंतरचा अभ्यास होता, तुलनेसाठी वेगळी गावं घेतलेली नव्हती. त्या वर्षी पीक बरं आलं असेल, भाव बरे मिळाले असतील, म्हणून नैराश्य घटलं असं कुणी म्हणालं तर ते पूर्णपणे खोडून काढता येत नाही. पण मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सहापट होणं पावसापाण्यावर अवलंबून नसतं. मदत दारात आली म्हणून माणसं मदतीपर्यंत पोचली. वऱ्हाडातला माणूस ‘मनाचं’ बोलतच नाही, लाजतो, लपवतो, असं जे सरसकट म्हटलं जातं, त्याला या एका आकड्याने चांगलंच उत्तर दिलं आहे.

आता मुलांकडे वळायचं तर वळणाआधी एक घर लागतं: त्यांच्या आईचं मन. बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि बाळाचं वजन यांचा संबंध गोव्यातल्या अभ्यासांनी वीसेक वर्षांपूर्वीच दाखवला. आई खचलेली असेल तर सहा महिन्यांचं बाळ अंग धरत नाही, असं त्यात दिसलं. मेळघाटातल्या कुपोषणाबद्दल आपण दर पावसाळ्यात बातम्या वाचतो. त्यांत आहार असतो, रस्ते असतात, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा असतात, आईची मनःस्थिती क्वचितच असते. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आशाताईंसारख्याच आरोग्यसेविकांना शिकवून गरोदर आणि बाळंतिणींशी ठरावीक पद्धतीने बोलायला लावलं गेलं. सहा महिन्यांनी, ज्यांना ही मदत मिळाली त्या बायकांत नैराश्य उरलं २३ टक्के, न मिळालेल्यांत ५३ टक्के. २००८ मधला हा निकाल. म्हणजे मुलाच्या मानसिक आरोग्याची पहिली सेवा मुलाला हात न लावता, बाळंतिणीच्या खाटेशेजारी बसून देता येते, आणि ती देणारी बाई त्याच गावची असली तर उत्तमच. आयुष्यात होणाऱ्या मनोविकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षाच्या आत सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे खरं मानलं, आणि न मानायला कारण नाही, तर सारी यंत्रणा मोठ्यांच्या विषाच्या बाटलीभोवती उभी करणं म्हणजे कामाला फार उशिरा सुरुवात करणं होय.

पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येतो, आणि तो रास्त आहे. बारावी किंवा पदवी झालेल्या मुलीला महिना-दोन महिने शिकवून तिच्या हाती लहान मुलांची मनं कशी द्यायची? चुकीचं काही सांगितलं, गंभीर आजार ओळखता आला नाही, तर जबाबदार कोण? याचं उत्तर ‘गरिबांना एवढं तरी मिळू द्या’ असं देऊन चालणार नाही. गरिबाच्या वाट्याला कनिष्ठ सेवा हे तत्त्व म्हणूनच चूक आहे. उत्तर कामाच्या पद्धतीत शोधावं लागतं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गंभीर नैराश्याच्या रोग्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत अशा साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम दिला. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ६४ टक्के रोग्यांचं नैराश्य उतरलेलं होतं. फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. यामागे समुपदेशकांचं शिक्षण जेवढं होतं, तेवढीच त्यांची नंतरची तालीम होती. भेट रोग्याच्या संमतीने ध्वनिमुद्रित केली जायची. मग समुपदेशक एकत्र बसून ती ऐकायचे आणि प्रत्येकजण ठरलेल्या पट्टीवर गुण द्यायचा: रोग्याला बोलू दिलं का, मागच्या वेळी दिलेल्या कामाची विचारपूस केली का, उपदेशाचे डोस पाजले का, पुढचं काम नेमकं ठरवलं का. ज्याची भेट ऐकली जातेय तो तिथेच बसलेला असायचा. आपल्याकडे किती अनुभवी तज्ज्ञ आपलं काम असं दुसऱ्याच्या कानाखालून जाऊ देतात? पदवी ही एकदा मिळते आणि भिंतीवर लागते. इथे मात्र दर आठवड्याला परीक्षा होती.

मुलांच्या बाबतीत असाच आणखी एक प्रयोग स्वमग्नतेवर झाला, गोव्यात आणि रावळपिंडीत मिळून. स्वमग्न मुलांसाठीचे उपचार सगळ्यांत महागडे, आणि ते देणारी केंद्रं मोठ्या शहरांत. या प्रयोगात शिकवलेली आरोग्य कार्यकर्ती घरी जायची, आई आणि मूल खेळत असताना दहा मिनिटांचं चित्रण करायची आणि मग आईच्या शेजारी बसून ते तिला दाखवायची. इथे बघा, त्याने चेंडूकडे पाहिलं, तुम्ही त्या वेळी डबा उघडत होता. इथे बघा, तुम्ही थांबलात आणि त्याने स्वतःहून हात पुढे केला. आईला तिचंच वागणं दिसतं, आणि त्यातून ती शिकते. निकाल मिश्र होता. आईचा प्रतिसाद सुधारला, मुलाने आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं; पण दोघांचं मिळून एकाच गोष्टीत रमण्याचं प्रमाण मात्र घटलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या क्षेत्रात हात फिरवला आणि आजार गेला अशा कहाण्या विकणारे बरेच आहेत. झटके येणारं मूल, भास होणारं मूल, अचानक बोलणं थांबलेलं मूल हे डॉक्टरांकडेच गेलं पाहिजे, त्याच आठवड्यात. गावपातळीच्या माणसाचं निम्मं कौशल्य हेच की कोणाला थांबवायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

दुसरा आक्षेप सरकारी कार्यालयांतून येतो: नवीन माणूस कशाला? आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, शाळेत शिक्षक आहेत. एक प्रशिक्षण द्या, एक नोंदवही द्या, झालं. वऱ्हाडाने हेही पाहिलं आहे. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत राज्य सरकारने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तेव्हा आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची आणि तणावाखालच्या शेतकऱ्याला ओळखून पुढे पाठवायचं, अशी योजना होती. विचार योग्य होता. पण आशाताईचं मानधन कामागणिक मोबदल्यावर बेतलेलं, आणि तिच्या पिशवीत लसीकरणापासून क्षयरोगापर्यंत डझनभर कामांचे कागद. ज्या कामाला सगळ्यांत जास्त निवांतपणा लागतो, ते काम सगळ्यांत घाईत असलेल्या बाईला दिलं की त्याचा फॉर्म होतो. शिक्षकांबद्दल तर याहून ठोस पुरावा आहे. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत एक मोठी चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचे निकाल आले. काही शाळांत मुलांच्या मानसिक आरोग्याचा कार्यक्रम शिक्षकाने राबवला, काहींत तोच कार्यक्रम त्यासाठीच नेमलेल्या साध्या समुपदेशकाने. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या, मुलांचं नैराश्य घटलं. शिक्षकाने राबवलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. कार्यक्रम एक, पुस्तिका एक, निकाल वेगळा. शिक्षक वाईट होते म्हणून नव्हे. निवडणूक, जनगणना, पोषण आहार आणि अभ्यासक्रम यांतून उरलेल्या वेळात हे काम होत नाही म्हणून. शिवाय गणिताचे गुण देणाऱ्या सरांना घरातली भांडणं कोणता मुलगा सांगेल?

मुलं शोधून काढायची यंत्रणा मात्र आपल्याकडे आधीच आहे, आणि ती नवीन उभारण्यात पैसा घालवायचं कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. त्याची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असं पथक असतं. उंची, वजन, दात, डोळे, हृदयाचा आवाज. आणि वाढीतले, बोलण्यातले, शिकण्यातले विलंबही त्याच्या यादीत आहेत. शेदीडशे पोरं रांगेत, प्रत्येकाला मिनिट-दोन मिनिटं. हृदयाला छिद्र असलेलं मूल या रांगेत सापडतं, त्याची शस्त्रक्रिया होते, ते जगतं. या कार्यक्रमाचं हे मोठं यश आहे. पण जे पोरगं नुसतंच गप्प बसतं, ज्याला ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळ होतो, ते एका मिनिटात कळत नाही. कळलंच तर संदर्भ चिठ्ठी मिळते, आणि ती चिठ्ठी पुन्हा जिल्ह्याच्या गावाकडेच बोट दाखवते. अध्ययन अक्षमतेचा इतिहास इथे आठवावा. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देणाऱ्या पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्र आहे. १९९६ पासून त्या आहेत. पण सुरुवातीची अनेक वर्षं प्रमाणपत्र देणारी केंद्रं मोजकी, मुख्यतः मुंबईतली. सवलत सगळ्या राज्याला, वापर मुंबईतल्या इंग्रजी शाळांतल्या मुलांचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोन्हींना एकवीस प्रकारांच्या यादीत जागा दिली. मराठीतून वाचणाऱ्या मुलासाठीची चाचणीही तयार झालेली आहे. अडलंय ते चिठ्ठी आणि चाचणी यांच्यामधल्या त्या पन्नास-साठ किलोमीटरवर.

तिसरा आक्षेप विचाराने सगळ्यांत वजनदार आहे. शेतकऱ्याच्या पोराला नैराश्य येतं ते बापाच्या कर्जामुळे, कापसाला भाव नाही म्हणून, खारपाणपट्ट्यात प्यायचं पाणीसुद्धा धड नाही म्हणून. त्यावर समुपदेशन म्हणजे मुळावरचा प्रश्न टाळून माणसालाच रोगी ठरवणं नाही का? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. भाव मिळाला पाहिजे, पीकविमा वेळेवर मिळाला पाहिजे, आणि कुणी जर समुपदेशकाला कर्जमाफीची जागा देऊ पाहत असेल तर त्याला तिथेच अडवलं पाहिजे. पण उरलेला अर्धा भाग असा: कर्ज एकाच गावात शंभर घरांवर असतं, आणि ती शंभरही घरं एकाच पद्धतीने मोडत नाहीत. मोडलेल्या घरातल्या मुलाला भाव सुधारेपर्यंत थांबता येत नाही. त्याचं दहावं वर्ष एकदाच येतं. बापाने आत्महत्या केली की तहसीलकडून पात्र-अपात्र ठरतं. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत मिळते, फाईल बंद होते. त्या फाईलमध्ये मुलाला झोप लागते की नाही याचा रकाना नाही. आई किंवा बाप असा गेलेल्या मुलांना पुढे स्वतःला धोका जास्त असतो, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. म्हणजे ज्या घरी सरकारी माणूस हमखास जातो, तिथलंच सर्वांत जोखमीतलं मूल त्याच्या नजरेतून सुटतं. इथे वस्तीतल्या कार्यकर्त्याचा उपयोग बोलण्यापलीकडचा आहे. विधवा आईला बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात हे तिला सांगणं, अर्ज भरून देणं, दाखल्यासाठी सोबत जाणं हीसुद्धा मानसिक आरोग्याचीच सेवा. पैशाचा प्रश्न आणि मनाचा प्रश्न असे दोन दरवाजे माणूस स्वतः करत नाही, ते आपण कार्यालयांच्या सोयीसाठी केलेले आहेत.

‘बाहेरचं झालं’ म्हणून भगताकडे किंवा मेळघाटात भूमकाकडे जाणाऱ्यांचं काय, असं हमखास विचारलं जातं. त्यावर फार शाई खर्च करण्याची गरज मला वाटत नाही. भूमका गावात असतो, रात्री-अपरात्री भेटतो, कोरकूत बोलतो आणि घरातल्या सगळ्यांना समोर बसवून ऐकून घेतो. या चारांपैकी किती गोष्टी आपल्या सेवेत आहेत? चटके देणं, मारहाण करणं यांवर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पण कायद्याने बंद केलेल्या दाराशेजारी दुसरं दार उघडं असावं लागतं. साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्था आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी ‘मानसमित्र’ तयार केले ते याच समजेतून.

खेड्यांबद्दल इतकं बोलताना जठारपेठेतल्या मुलांना विसरून चालणार नाही. जठारपेठ, रतनलाल प्लॉट, तोष्णीवाल लेआऊट या भागांत अकोल्याबाहेरची मुलं रूम करून किंवा वसतिगृहात राहतात. बुलडाणा, वाशीम, अमरावतीच्या खेड्यांतून नीट-जेईईच्या क्लाससाठी आलेली, सोळा-सतरा वर्षांची, मेसचा डबा खाणारी. दवाखाना यांच्यापासून पायी पाच मिनिटांवर, तरी अंतर आहेच. हे अंतर घरी कळेल या भीतीचं आहे. बापाने सोयाबीन विकून फी भरली असेल तर ‘मला जमत नाहीये’ हे वाक्य पोराच्या घशातून बाहेर येत नाही. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांतल्या सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या होत्या; हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असं सांगितलं, आणि कोचिंग क्लासही त्यात आले. आदेशाची अंमलबजावणी कशी होईल याचा अंदाज करणं कठीण नाही: प्रवेश घेणाऱ्या काउंटरवरच्याच कुणाच्या तरी गळ्यात समुपदेशकाचं ओळखपत्र येईल. क्लासच्या पगारावरचा माणूस क्लासमुळे आलेल्या ताणाबद्दल मुलाचं ऐकून घेणार, यात हितसंबंधांचा गुंता आहे. छोट्या क्लासना वेगळा माणूस परवडणारही नाही. त्यापेक्षा एका परिसरातल्या सगळ्या क्लासेसनी मिळून पैसे भरावेत आणि समुपदेशक नेमावा महापालिकेने किंवा वैद्यकीय महाविद्यालयाने, म्हणजे त्याला कुठल्याच क्लासच्या निकालाशी देणंघेणं राहणार नाही.

फोनवरची सेवा पुरेशी नाही का? ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही. रात्री दोन वाजता रूमवर एकट्या असलेल्या पोराला याहून जवळचा आधार नाही, आणि तो प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असायला हवा. पण सहा वर्षांचं मूल फोन करत नाही. त्याच्या वागण्यातला फरक पाहायला समोर बसलेलं माणूस लागतं, आणि घरात एकच मोबाइल असेल, तोही बापाच्या खिशात, तर आईला फोन करता येईलच असंही नाही.

मग पैसे कुठून? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणारी, घराजवळची सेवा मिळण्याचा हक्क दिलेला आहे, आणि मुलांसाठीच्या सेवांचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. उपकेंद्रांची ‘आयुष्मान आरोग्य मंदिरं’ झाली तेव्हा मानसिक आरोग्य त्यांच्या बारा सेवांत घेतलं गेलं आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आला. म्हणजे इमारत आहे, कायदा आहे, पाठवणारी गाडी आहे. नाही ती दोन पदं. एक, तीन-चार आरोग्य केंद्रांच्या टापूत फिरणारा, मुलं आणि कुटुंबं एवढंच काम असलेला पगारी समुपदेशक. दुसरं पद याहून महत्त्वाचं आणि नेहमी विसरलं जाणारं: या समुपदेशकांच्या भेटी दर आठवड्याला ऐकणारा, चुका दाखवणारा, अडल्यावर फोन उचलणारा वरिष्ठ. अकोला जिल्ह्यात तालुके सात. तालुक्याला दोन धरले तर समुपदेशक चौदा, आणि त्यांच्यावर देखरेख करणारे दोन. अमरावतीत मेळघाटसाठी कोरकू येणारी माणसं वेगळी धरावी लागतील. एवढा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक आराखड्यात बसू शकतो, आणि देखरेखीचं काम अकोल्याच्या आणि आता अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागांकडे देता येतं. काटकसरीच्या वेळी वित्त विभागाची कात्री पहिल्यांदा याच दोन देखरेखीच्या पदांवर पडेल, कारण ती कुणा रोग्याला प्रत्यक्ष पाहताना दिसत नाहीत. ती दोन पदं गेली की उरलेल्या चौदांचे महिन्याभरात नोंदवही भरणारे कारकून होतात, आणि तेल्हाऱ्याच्या बाईच्या हाती पुन्हा अकोल्याची चिठ्ठी येते.